सव्वाबाराची रेघ

काका, आज संक्रांत. सकाळपासून निदान सात जणांनी मला सांगितलं की आजपासून सूर्य उत्तरेला वळला. सातही जणांशी मी भांडले. तुम्ही असता तर म्हणाला असता, "सात लोकायशी भांडन्यापरीस एकाले काठी दाखव." तेवढा धीर माझ्यात कधी नव्हता, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण या वेळी दाखवली हो! खरंच दाखवली! आणि जे झालं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही, म्हणून तुम्ही गेल्याला आठच दिवस झालेत तरी लिहायला बसले आहे.

तुमचा जन्म कधीचा, बदल्या कुठे कुठे झाल्या, हे मी लिहिणार नाही. ते तुमच्या पेन्शनच्या कागदांत आहे. मुकुटबनात तुम्ही 'मोजणीवाले काका' होता आणि झरी जामणीतल्या अर्ध्या शेतांच्या धुऱ्यांवर, म्हणजे बांधांवर, तुमची जमीन मोजायची साखळी पडली होती, एवढं पुरे. मी तुमच्या समोरच्या घरातली. तुमच्या भाषेत 'पॉम्प्लेटबाई'. "पोट्टे, तुह्यं पॉम्प्लेट वाचताना असं वाटते का कोनी कानाजवळ थाळी वाजवून राह्यलं," म्हणायचे तुम्ही. वाजवणारच. आज तर जास्तच.

ते पहिलं पॉम्प्लेट आठवतं? माझी बारावी नुकतीच झाली होती. अंधश्रद्धेविरुद्ध बोलणाऱ्या आमच्या पाच-सहा जणांच्या गटात मी नवी होते आणि जग सुधारायला मला दोन आठवडे पुरतील असा माझा अंदाज होता. जूनच्या आठवडी बाजारात मी गुलाबी कागद वाटत फिरत होते. 'एकवीस जून, वर्षातला सर्वांत मोठा दिवस! या दिवशी भर दुपारी तुमची सावली नाहीशी होईल! हा चमत्कार नाही, विज्ञान आहे!' एक कागद तुमच्या हातात पडला. तुम्ही वांग्यांच्या ढिगाशेजारी उभे राहून तो शेवटपर्यंत वाचलात. शेवटपर्यंत कोणी वाचत नाही हो! तिथंच मी तुमच्यावर खूश झाले. मग तुम्ही विचारलंत,

"कोनी मोजली?"

"काय?"

"सावली. नाहीशी होते म्हनतं. मोजली कोनी?"

"काका, हे विज्ञान आहे. सगळ्यांना माहीत आहे."

"म्हंजे कोनीच नाई मोजली."

असा राग आला होता मला! लोकांना ताईत आणि अंगारे सोडा म्हणून सांगायला निघालेली मी, आणि हा पांढऱ्या शर्टातला माणूस मलाच पुरावा मागतो? एकवीस जूनला तुमचं तोंड बंद करायचं म्हणूनच मी तुमच्या अंगणात आले. तुम्ही आधीच तयारीत होता. सिमेंटच्या अंगणात काठीपुरतं भोक, त्यात मोजणीची ती लाल-पांढरी सहा फुटी काठी, शेजारी ओळंबा. काठी केसभर तिरकी असली तर सगळंच खोटं, म्हणून तुम्ही अर्धा तास नुसती ती सरळ करत होता. घड्याळात बारा वाजले तशी मी म्हणाले, झालं, बारा वाजले. तुम्ही हसलात. "हे सरकारी बारा हायेत. आपल्या गावचे बारा सव्वाबाराले वाजते." तेही मला माहीत नव्हतं! रोज दुपारी माझ्या डोक्यावर येणारा सूर्य घड्याळाच्या पंधरा मिनिटं मागे आहे आणि मी बारावी पास!

वर ढग. काकू आतून ओरडल्या, "जेवन थंडं होऊन राह्यलं. तुमची सावली काई पयून नाई जात!" आणि सव्वाबाराला ढगात जेमतेम एक फट पडली.

काका, सावली होती. वीतभरही नव्हती, पण होती. आणि दक्षिणेकडे होती! आयुष्यभर भर दुपारी जी सावली उत्तरेला पडते, ती काठीच्या उलट्या अंगाला जाऊन बसली होती. सूर्य आमच्या डोक्यावरून पलीकडे, उत्तरेला निघून गेला होता आणि गावात कोणाला पत्ता नव्हता. मी अंगणात अक्षरशः उड्या मारल्या. माझं पॉम्प्लेट खोटं ठरलं होतं आणि मी उड्या मारत होते! तुम्ही खिळ्यानं सिमेंटवर रेघ ओढलीत आणि सांगितलंत, "बिनसावलीचा दिवस आपल्या इकडं दोनदा येते. एकदा मेमधी तो वर जाताना, एकदा जुलैत वापस येताना. जूनमधी तो आपल्याले ओलांडून पल्याड असते."

आणि मग ती शिक्षा. "चूक पॉम्प्लेटात केली, दुरुस्ती बी पॉम्प्लेटातच." पुढच्या बाजाराला मी पुन्हा गुलाबी कागद वाटले: 'आमचं चुकलं.' गटातले सगळे माझ्यावर उखडले. असं कबूल केलं तर उद्या बुवाबाजीवाले आपल्याला सोडतील का, म्हणाले. तुम्ही म्हणालात, "त्यायनं कधी 'आमचं चुकलं' असं छापलं का? नाई ना? मंग तुमच्यात नि त्यायच्यात फरक तो कोनता?" त्या दिवसापासून मी तुमची झाले, काका. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. भांडायलाच यायचे ना मी.

त्याच वर्षी डिसेंबरात, बावीस तारखेला, पुन्हा काठी उभी केली. लख्ख ऊन. या वेळी सावली उत्तरेला, साडेपाच फुटांच्या वर, जवळजवळ काठीएवढीच लांब. तीच काठी, तोच सव्वाबारा, जूनमध्ये जेमतेम अर्धी वीत इकडे आणि डिसेंबरात माणूसभर तिकडे! दिवस जूनपेक्षा सव्वादोन तासांहून जास्त लहान. त्या दोन रेघांच्या मध्ये उभी राहिले तेव्हा अख्खं वर्ष माझ्या दोन पायांमध्ये होतं. मी तसं म्हणाले तर तुम्ही म्हणालात, "हे वाक्य पॉम्प्लेटात नको टाकू, लोकं हासतीन."

तिथूनच आपलं न संपलेलं भांडण सुरू झालं. सण करायचा तर कोणत्या दिवशी?

मी जूनची. वर्षातला सगळ्यात जास्त उजेड! सव्वातेरा तासांचा दिवस! मिरवणूक काढायची तर त्या दिवशी. तुम्ही डिसेंबरचे. "एकवीस जूनच्या दुसऱ्या दिवसापासून दिवस झिजाले लागते. तुह्या मिरवणुकीच्या पुढं उतारच हाय. डिसेंबरात पाह्य, याच्याहून लहान तो होऊच शकत नाई. इथून जे होईन ते वाढच." मी चिडून विचारायचे, कडाक्याच्या थंडीत कापूस वेचून बोटं फुटलेल्या बायांना जाऊन सांगू का, आनंद करा, आज सगळ्यात लहान दिवस आहे म्हणून? तुम्ही शांतपणे म्हणायचे, "त्यायलेच सांग. त्यायच्याहून जास्त कोनाले गरज हाय?" वर्षातून दोनदा, त्याच अंगणात, हेच भांडण. आणि काकू एकदाही सावली बघायला बाहेर आल्या नाहीत. "तुमचं दोघायचं चालू द्या," म्हणून आत भाकरी थापत राहायच्या.

या हिवाळ्यात तुम्ही नागपूरच्या दवाखान्यात होता. डॉक्टर म्हणाले अजून ठेवू, तुम्ही म्हणालात घरी न्या. काकूंनी तुमचं ऐकलं. नळ्या काढून, कागदावर सही करून, गाडी करून तुम्हाला डिसेंबरच्या मध्यात मुकुटबनला आणलं. बावीस तारीख चुकवायची नव्हती तुम्हाला! अंगणात प्लास्टिकची खुर्ची, अंगावर दोन शाली, कानाला मफलर. तुम्हाला वाकता येईना, म्हणून खिळा काकूंच्या हातात आला. "मंदा, सावलीचं टोक पाह्य. हां. तिथं." रोज सव्वाबाराला काकू खाली बसायच्या, रेघ ओढायच्या आणि कुकर लागलाय म्हणत आत पळायच्या. कशासाठी ओढायची हे त्यांनी विचारलं नाही. तुम्ही सांगितलं म्हणून ओढली.

आठ-दहा दिवस एकाच जागी रेघ पडत होती. एकावर एक, एकावर एक, जाड झाली. मी म्हटलं, काका, काहीच होत नाहीये. तुम्ही म्हणालात, "वळन घेताना बैलगाडी बी थबकते. हे तं सूर्य हाय."

त्याच दिवसांत माझं नवं पॉम्प्लेट छापून आलं. 'सूर्य बावीस डिसेंबरलाच वळला! तेव्हापासून तो रोज लवकर उगवतो! संक्रांतीची वाट कशाला पाहता?' मी मोठ्या ऐटीत तुम्हाला वाचून दाखवलं. काकू तांदूळ निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या,

"खोटं हाय."

"काय खोटं?"

"रोज लवकर उगवते म्हने. मी उठतो रोज. अजून उशिराच उजाडून राह्यलं."

तुम्हाला हसताना ठसका लागला. "पॉम्प्लेटबाई, मंदानं पकडलं तुले!" खरंच पकडलं होतं. तुम्ही सांगितलंत की सकाळ अजून मागेच जाते आहे, पार संक्रांतीपर्यंत जाईल. दिवस आत्ता वाढतो तो संध्याकाळच्या बाजूनं, सूर्य मावळायला उशीर करतो म्हणून. लोकांना संक्रांतीशिवाय तो वळल्यासारखा वाटत नाही त्याचं एक कारण हेही. सकाळ पाहू नका, दुपार पाहा. मी विचारलं, पण असं का होतं? तुम्ही डोळे मिटलेत. "उद्या सांगतो. कागदावर चित्र काढा लागन."

ते उद्या आलं नाही. मोबाईलवर शोधलं तर कारण सापडतं. सापडलंही. पण ते तुमचं चित्र नाही. तुमच्या उशाशी शिसपेन ठेवलेली होती काका, टोक करून.

संक्रांतीला आठ दिवस उरलेले असताना तुम्ही गेलात. आदल्या दिवशीपर्यंत रेघ होती.

आता ऐका, ज्यासाठी हे लिहिते आहे ते. चौथ्या दिवशी सकाळी घरात माणसं बसलेली. तुमच्या थोरल्या बहीण, पुसदच्या आत्याबाई, भिंतीला टेकून. रडून रडून त्यांचा आवाज बसला होता. आणि त्या बसक्या आवाजात सगळ्यांसमोर म्हणाल्या, "आठच दिवस तं होते वो मंदा. तिथंच ठेवलं असतं मशिनीवर, तं संक्रांत निघाली असती. दक्षिणायनात गेला माह्या भाऊ. आता गती कशी भेटन त्याले? शांती करा लागन."

 मी काकूंचा चेहरा पाहिला. तुमचं ऐकून तुम्हाला घरी आणणारी ती बाई एका क्षणात तुम्हाला वाटेत सोडून आलेली बाई झाली. समोरचा चहा त्यांनी बाजूला सरकवला. आदल्या संध्याकाळी दोन घास खाल्ले होते, तेवढेच.

माझं डोकं फिरलं. मी उभी राहिले आणि पॉम्प्लेट सुरू! पृथ्वीचा कललेला आस, अयन म्हणजे काय, ताऱ्यांवरून मोजलेली संक्रांत शतकानुशतकं पुढे पुढे कशी सरकत गेली, मेलेल्या माणसाच्या नावानं जिवंत बाईला छळायचा हा कुठला धर्म, सगळं. आत्याबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तू गप वो. पॉम्प्लेट वाटून सूर्य नाई फिरत."

खरं सांगू?  काकूही माझ्याकडे बघत नव्हत्या. मी एवढी बरोबर होते आणि माझ्या बरोबर असण्याचा त्यांना दमडीचा उपयोग नव्हता. तेव्हा तुमचा आवाज आला कानात, वांग्यांच्या ढिगाशेजारचा. मोजली कोनी?

बाराला दहा मिनिटं कमी होती! मी अंगणात धावले. तुमची काठी कोपऱ्यात उभी होती. भोकात बसवली, ओळंबा धरला, काठी केसभर तिरकी नको म्हणून तीनदा धरला. मग आत जाऊन काकूंच्या समोर खिळा धरला. "काकू, चार दिवस रेघ राहिली आहे."

त्या उठतील असं वाटलं नव्हतं. उठल्या. आत्याबाई मागोमाग आल्या, माझ्यावर नजर ठेवायला. सव्वाबाराला काकू खाली बसल्या, सावलीचं टोक पाहिलं आणि रेघ ओढली. मग खिळा तसाच धरून बघत राहिल्या. समोर ती जाड रेघ. तिच्या अलीकडे, काठीच्या बाजूला, बारीक बारीक रेघा, त्यांच्याच हातच्या, एकेक दिवसाच्या. मग तुमची शेवटची. मग थोडी मोकळी जागा. मग आत्ताची.

"हे जाड कोनती?" त्यांनी विचारलं.

"बावीस तारखेची. तिथपर्यंत सावली लांब लांब जात होती. तिथून वळली."

काकूंनी जाड रेघेवर हात ठेवला आणि बोटं मोजली. चार. मग तुमच्या शेवटच्या रेघेपाशी बोटं आणली. जाड रेघेपासून दोन बोटं, वर थोडं.

"म्हंजे हे गेले तवा..."

"तेव्हा तो आधीच परत फिरला होता, काकू. तुम्हीच मांडलंय."

आत्याबाई वाकून बघत होत्या.  तुमची बहीणच ती, काका, मोजलेल्या गोष्टीला नाही म्हणता येईना. शेवटी म्हणाल्या, "पन महाराज तं संक्रांत सांगून राह्यले."

"महाराजांनी रेघ ओढली का?" काकू म्हणाल्या. "मी ओढली. ज्यायले सावली कुठं पडते ते ठाव नाई, ते मले माह्या मानसाची गती कायले सांगून राह्यले? शांती-बिंती काई नाई होनार." आणि उठल्या, आणि आत जाऊन म्हणाल्या, "चहा गरम करा वो कोनी."

मला ओरडावंसं वाटलं! घरात सुतक, आणि मला गुलाबी कागद घेऊन बाजारात पळावंसं वाटत होतं!

पण काका, तेव्हापासून एक गोष्ट टोचते आहे आणि ती तुम्हालाच विचारता येते. मी फसवणूक केली का? उत्तरायणात मेलं काय, दक्षिणायनात मेलं काय, काही फरक पडत नाही, हे माझं म्हणणं. ते मी सिद्ध केलं नाही. मी फक्त दाखवलं की तुम्ही योग्य बाजूला गेलात. जुलै असता तर? तुम्ही ऑगस्टात गेला असता तर मी काकूंना कोणती रेघ दाखवली असती? परवा मी हे काकूंनाच विचारलं. ऑगस्ट असता तर काय केलं असतं?

काकू गहू पाखडत होत्या. सूप खाली ठेवून म्हणाल्या, "तवा बी त्यायले घरीच आनलं असतं. ते म्हनले होते ना, घरी ने." आणि पुन्हा सूप उचलत, "मले गती-बिती नाई कळत. मले तवा एवढंच पाह्याचं होतं का आपल्याले जे सांगून राह्यले ते खरं हाय का." म्हणजे त्यांनीही मोजणीच मागितली होती, तुमच्यासारखी. मी उगाच पृथ्वीचा आस काढत बसले होते.

तर, डिसेंबर तुमचा. दिला. सगळ्यात लहान दिवसालाच सण. येत्या डिसेंबरात मी कापूस वेचणाऱ्या बायांकडे काठी घेऊन जाणार आहे, कागद नाही. जूनचं मात्र सोडत नाही. जूनसाठी मी भांडणारच, आणि समोर तुम्ही नाही म्हणून काही तुमचा मुद्दा मी सोपा करून मांडणार नाही.

आज सव्वाबाराला आम्ही दोघी अंगणात होतो. गावभर तिळगूळ वाटणं चाललेलं. काकूंनी रेघ ओढली, बोटं मोजली. जाड रेघेपासून सहा. मग तुमच्या खुर्चीत बसल्या, पहिल्यांदाच, आणि म्हणाल्या, "जूनमधी कुठं येते हे?"

मी काठीच्या दक्षिणेला गेले आणि तुमची ती जुनी रेघ दाखवली, अर्ध्या वितेची, मी उड्या मारल्या होत्या त्या दिवसाची. इतकी वर्षं त्या अंगणात झाडू मारतात, पण तिच्याकडे त्यांनी कधी बघितलं नव्हतं.

"काठी ओलांडून?"

"हो काकू. ओलांडून."

काकूंनी त्या रेघेकडे पाहिलं, मग आजच्या रेघेकडे, मग मधल्या सगळ्या कोऱ्या सिमेंटकडे.

"मंग लय चालाचं हाय त्याले अजून," म्हणाल्या.

मी खिळा घ्यायला हात पुढे केला. त्यांनी तो पदराला पुसला, मुठीत घट्ट धरला आणि मला दिला नाही.